सोमवारची नजर

फौंड्रीचे मालक विजयसिंह यांनी टेबलावरून चार कागद पुढं सरकवले आणि वर पेन ठेवलं.

"घ्या शिवगंगाबाई. अकरा महिनं कागद-कागद करत हुतासा. मिळाला कागद. आता खाली सही करा, पोचला म्हणून."

शिवगंगानं कागद उचलले आणि उजव्या डोळ्याच्या अगदी जवळ नेले. डावा डोळा तीन वर्षांपूर्वी गेला होता. बुबुळावर दह्याच्या कवडीसारखा पांढरा थर होता आणि त्या बाजूनं कुणी आलं तर तिला पत्ता लागत नसे. तिनं पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं, चौथ्या पानाच्या तळापर्यंत गेली. मग चारही पानं नीट जुळवून परत टेबलावर ठेवली.

"हे इंग्रजी हाय."

"व्हय. गॅसवाल्या कंपनीकडनं आलं तसंच दिलंय. एक अक्षर लपवलेलं न्हाय."

"मला इंग्रजी येत न्हाय."

"मग त्याला मी काय करू? कायद्यात माहिती द्या म्हटलंय, शिकवा म्हटलेलं न्हाय." विजयसिंह हसले आणि दाराशी उभ्या असलेल्या कृष्णातकडं त्यांनी पाहिलं. कृष्णात त्याच फौंड्रीत साच्यांवर काम करायचा. तो हसला नाही.

"दादा, कामगाराला कळंल अशा भाषेत द्यायचं असतंय."

"कुणी सांगितलं?"

"कायद्यातच हाय."

"कायदा काय खिशात घालून फिरतोस काय रं?"

कृष्णातनं शर्टाच्या खिशातून एक घडी घातलेलं पातळ पुस्तक काढलं. काळ्या वाळूनं त्याचं मुखपृष्ठ दिसेनासं झालं होतं. "व्हय," तो म्हणाला.

शिवगंगा उठली. पेन तिनं उलट्या बाजूनं विजयसिंहांकडं केलं. "कळल्यावर सही करतो," म्हणाली आणि कोअर शॉपकडं निघून गेली. जाताना दाराची डावी चौकट तिच्या खांद्याला लागली. ती रोजच लागायची.

कोल्हापूरच्या शिरोलीच्या माळावर तेव्हा फौंड्र्या दाटीनं उभ्या होत्या. पंप, इंजिनं, ट्रॅक्टर, सगळ्यांचं ओतकाम तिथं व्हायचं. ओतीव लोखंडी वस्तूला आतून पोकळ ठेवायचं तर ओतताना आत वाळूचा गाभा बसवावा लागतो. त्याला कोअर म्हणतात, आणि जिथं कोअर बनतात ती खोली म्हणजे कोअर शॉप. ते काम बायांचं. पूर्वी कोअर भट्टीत भाजून घट्ट करत. शहाण्णव साली गॅसचं मशीन आलं. वाळूत राळ कालवायची, पेटीत दाबायची, झाकण लावायचं आणि ड्रममधल्या द्रवाचा गॅस करून आत सोडायचा. चहाचा घोट संपेपर्यंत वाळूचा दगड होई. मालकानं पेढे वाटले होते. भट्टीची धग गेली म्हणून बायाही खूश होत्या.

फक्त वास होता. कुजक्या मासळीचा. पहिल्या दिवशी शालूबाईनं पदर नाकाला लावून सगळ्या ड्रमांच्या मागं मेलेलं मांजर शोधलं होतं. मग कळलं की वास ड्रममधनंच येतो. ड्रमवर नाव नव्हतं. गोडाऊनमध्येच त्यावरचा छापील कागद खरवडून काढत आणि पांढऱ्या रंगानं नुसतं 'सी' लिहीत. शेजारच्या फौंड्रीला कळू नये म्हणे कुठला माल वापरतो ते. बायांनी आपलं नाव ठेवलं. "मासळी संपली, दुसरा ड्रम सांग," असं शालूबाई खुशाल ओरडायची.

"तुझं बरं हाय," शिवगंगा तिला म्हणायची. "तू खातीस."

"खातो की. पण असली न्हाय खात बाई. ही खाल्ली तर नवरा दुसरी करंल."

शिवगंगाचं तसं नव्हतं. ती लिंगायताची. गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, कपाळावर इभूती. माहेर-सासर दोन्ही संकेश्वराकडचं. नवरा शिवानंद वारणानगरला साखर कारखान्यात हंगामी कामगार; हंगामात तो तिकडंच राही. शिरोलीच्या दोन खोल्यांत ती आणि सासू. सासूला ती आत्ती म्हणायची. आत्तीच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात शिजत नसे. आणि सून रोज संध्याकाळी मासळीचा वास घेऊन दारात उभी राहायची.

आत्तीनं आरडाओरडा केला नाही. तिनं दारासमोरच्या मोरीत एक दगड मांडला, आडोशाला पोतं बांधलं आणि चुलीवरचं पाणी बाहेर आणून ठेवू लागली. शिवगंगानं आधी तिथं न्हायचं, कामाची साडी तिथंच पिळायची आणि गल्लीच्या खांबाला बांधलेल्या वेगळ्या तारेवर टाकायची. अंगणातल्या दोरीवर आत्तीचं मडीचं लुगडं वाळे, पूजेला नेसायचं, कुणी न शिवायचं. कामाची साडी त्या दोरीच्या आसपास फिरकायची नाही. आत्तीनं त्या साडीला सहा वर्षांत एकदाही हात लावला नव्हता.

"गल्लीत काय म्हणतील," एवढंच ती म्हणायची. "जंगमाला जेवाय बोलवायचं आमी, आणि सुनंच्या अंगाला बाजाराचा वास."

मशीन आल्यावर चार-सहा महिन्यांनी धुकं सुरू झालं. दुपार कलली की शिवगंगाला समोरचा माणूस धुरातून आल्यासारखा दिसायचा. निळसर धूर. घरी आल्यावर देवापुढच्या समईकडं बघितलं की ज्योतीभोवती कडं, चंद्राला खळं पडतं तसं. सकाळी उठली की सगळं लख्ख. तिला वाटायचं, झोपेनं डोळे ताजे होत असतील.

फक्त सोमवारी संध्याकाळी कडं नसायचं.

कोल्हापुरात सोमवारी कारखान्यांना सुट्टी. पण शिवगंगाच्या घरात सोमवार म्हणजे महादेवाचा वार. त्या दिवशी ती उपास धरायची, लिंगाला बेल वाहायची, संध्याकाळी समईपुढं बसायची आणि ज्योत सुईच्या टोकासारखी स्पष्ट दिसायची. पहिल्यांदा हे ध्यानात आलं तेव्हा ती समईपुढनं तशीच उठली. तिनं आत्तीला सांगितलं. आत्तीनं हात जोडले.

"त्यो नजर देतोय. मंगळवारी परत घिऊन जातोय. काय तरी चुकतंय आपलं."

काय चुकतंय हे दोघींनाही ठाऊक होतं. मासळीला शिवून आलेल्या अंगावर लिंग. मग शिवगंगा गुरुवारचाही उपास करू लागली. कामाला जाताना डबी फडक्यात गुंडाळून घरी देव्हाऱ्यात ठेवू लागली. धुकं काही हटलं नाही. सोमवारी मात्र न चुकता नजर यायची, आणि दोघींची श्रद्धा दर सोमवारी आणखी घट्ट व्हायची.

नव्व्याण्णव साली थोरल्या मालकांच्या जयंतीला विजयसिंहांनी नेत्रशिबिर घेतलं. मंडप, हारतुरे, पेपरात फोटो. फौंड्रीच्या कामगारांना आणि त्यांच्या घरच्यांना मोतीबिंदूचं ऑपरेशन फुकट. शिवगंगा चाळिशीला टेकलेली होती. मुकादमानं तिचं नाव घातलं. "धुकं दिसतंय म्हणतीस न्हवं? मोतीबिंदूच त्यो."

आत्ती बरोबर आली. दोघी बाकावर शेजारी बसल्या. तपासणारा डॉक्टर तरुण होता. त्यानं डोळ्यात बॅटरी मारली.

"डाव्या डोळ्यात सुरुवात आहे. पिकलेला नाही अजून. त्रास काय होतो?"

"धुकं दिसतंय. दिव्याला कडं."

"कसलं कडं? रंग कसला?"

"निळसर."

डॉक्टर थांबला. बॅटरी खाली घेतली. "कामाला कुठं?"

"फौंड्रीत. कोअरवर."

"तिथं काही गॅस वापरतात? माशासारखा वास येतो का कामावर?"

शिवगंगानं तोंड उघडलं. त्याच वेळी बाकाखाली आत्तीची टाच तिच्या पायाच्या अंगठ्यावर आली आणि तिथंच दाबून राहिली. मागं रांगेत गल्लीतल्या चार बाया होत्या.

"आमी लिंगायत हाय डॉक्टर," आत्ती म्हणाली. "मासळीचं नाव सुदीक घेत न्हाय आमी."

"तुमच्या घरचं नाही विचारत आजी. कामावरचं."

टाच हलली नाही.

"न्हाय," शिवगंगा म्हणाली. "तसलं काय न्हाय तितं."

डॉक्टरनं क्षणभर तिच्याकडं पाहिलं. मागं साठ-सत्तर माणसं उभी होती. त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्याला हाक मारली.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी पट्टी सोडली तेव्हा डोळ्यातून पू आला. त्या मंडपातल्या आणखी दोघांचं तसंच झालं. पुढं मोठ्या दवाखान्यात महिनाभर सुया टोचल्या, पण डोळा वाचला नाही. गल्लीत बोलणं झालं की लिंग गळ्यात घालून मासळीला शिवली, देवानं एक डोळा घेतला. हे पहिल्यांदा कोण म्हणालं ते शिवगंगानं कधी विचारलं नाही. आत्ती त्या दिवसापासून स्वतः सोमवार धरू लागली. सुनेच्या उजव्या डोळ्यासाठी. तिला चक्कर यायची, तरी पाण्याशिवाय काही घ्यायची नाही.

बरी होऊन शिवगंगा कामावर परतली. आता तिला मशीनवर घेत नव्हते. त्याच खोलीत, चार हातांवर बसून ती कोअरच्या कडा कानशीनं घासायची. महिन्याभरात उजव्या डोळ्यापुढं धुकं आलं, आणि ती पहिल्यांदा मनापासून भ्याली. या डोळ्यात मोतीबिंदू नव्हता. विम्याच्या दवाखान्यातला डॉक्टर म्हातारा, शांत माणूस होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"तुमच्या डोळ्याला कामावरचं काहीतरी बाधतंय असं मला वाटतं. पण वाटतं म्हणून मी लिहू शकत नाही. तिथं कुठलं केमिकल वापरतात त्याचं नाव आणा. कामामुळं डोळा गेला असं ठरलं तर तुम्हाला पेन्शन बसेल. घरी बसून खाल. नाव नसेल तर माझ्या हातात काही नाही."

नाव. एवढंच आणायचं होतं.

तिनं मुकादमाला विचारलं. तो म्हणाला, सी. गोडाऊनवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "कागद मीच खरवडतोय, पर वाचून कोण खरवडतंय?" मग कृष्णातनं सांगितलं की कारखान्याच्या कायद्यात एकशे अकरा-अ असं एक कलम आहे. आपल्या जिवाला अपाय करणाऱ्या वस्तूची माहिती मालकाकडं मागायचा कामगाराला हक्क आहे. तो कुठल्याशा कामगार शिबिरात जाऊन ते पुस्तक घेऊन आला होता.

"अर्ज मी लिवतो, तू अंगठा... न्हाय, तुला सही येती की."

"अर्ज बी येतो," शिवगंगा म्हणाली.

चौऱ्याण्णव साली साक्षरतेचे वर्ग निघाले होते. दिवसभर काम करून ती शाळेच्या ओट्यावर जाऊन बसायची. पस्तिशीत पाटी घेतली म्हणून बाया हसायच्या. जोडाक्षरं तिला फार जड गेली. पण अक्षर गोल, सुबक होतं. तो अर्ज तिनं तीन दिवस लिहिला. तीन ओळींचा. 'कोअर शॉपमध्ये सी नावाच्या ड्रममध्ये काय आहे व त्याने माणसाला काय होते, हे मला कळावे.'

विजयसिंहांनी अर्ज वाचून ड्रॉवरमध्ये टाकला. दुसरा अर्जही तिथंच गेला. तिसरा अर्ज कृष्णातनं फॅक्टरी इन्स्पेक्टरच्या कचेरीत नेऊन दिला, आणि काही महिन्यांनी साहेब खरोखर आले. आदल्या दिवशीच सगळीकडं कुजबुज होती. मशीन 'दुरुस्तीला' बंद ठेवलं. ड्रम ताडपत्रीखाली गेले. वास मात्र भिंतींत मुरला होता. तो ताडपत्रीखाली जाईना. मुकादमानं उदबत्तीचे पुडेच्या पुडे आणून बायांच्या हातात दिले.

साहेब आत आले ते खोकतच. "अहो, एवढ्या उदबत्त्या? आज काय आहे?"

शालूबाईनं ताडपत्रीकडं हात केला. "देव हाय की साहेब तितं. झाकून ठिवलाय. दर्शन घ्याचं असंल तर मालकास्नी सांगून घ्या."

साहेबांनी ताडपत्री स्वतः उचलली. महिन्याभरानं माहिती देण्याचा लेखी हुकूम आला. आणि हुकूम आल्यावर, पहिल्या अर्जापासून अकरावा महिना भरताना, ते चार इंग्रजी कागद आले, जे शिवगंगानं परत टेबलावर ठेवले होते.

त्यानंतर पुन्हा अर्ज, पुन्हा पत्र. कृष्णातला दोनदा रात्रपाळीवर टाकलं. शिवगंगाला मुकादम येता-जाता म्हणायचा, "काय म्हणतीया कलेक्टरीणबाई?" ती कानस चालू ठेवायची. तिला त्या चार कागदांचं काही वाटत नव्हतं. तिला फक्त एक गोष्ट हवी होती. डॉक्टरच्या टेबलावर नाव ठेवायचं, आणि घरी जाऊन सांगायचं की ही मासळी नव्हे. आपल्या हातून पाप झालेलं नाही.

अखेर एका शनिवारी सकाळी कोअर शॉपच्या भिंतीवर फळा लागला. काळ्या फळ्यावर पांढऱ्या रंगानं, ठळक मराठीत. रंगाऱ्यानं कडेला झेंडूची वेलबुट्टीही काढली होती. विजयसिंह स्वतः आले, कारकून रजिस्टर घेऊन मागं. सगळ्या बाया उभ्या राहिल्या. दहांतल्या नऊ जणींना वाचता येत नव्हतं.

"शिवगंगाबाई," विजयसिंह म्हणाले, "तुमच्यामुळं लागलाय फळा. तुमीच वाचा की सगळ्यांस्नी."

ती फळ्याजवळ गेली. मान थोडी डावीकडं वळवून उजवा डोळा अक्षरांसमोर आणला आणि बोट ठेवून वाचू लागली. नाव वाचायला तिला वेळ लागला.

"डाय... मि... थाइल. इथाइल. अमाइन."

"आत्ता गं बया," शालूबाई म्हणाली. "मासळीचं एवढं मोठं नाव."

दोघी-तिघी हसल्या. शिवगंगानं ते नाव पुन्हा एकदा वाचलं, मनात. मग पुढं.

"ओळख. रंग नसलेला द्रव. कुजलेल्या माशासारखा वास."

आता कुणी हसलं नाही.

"परिणाम. डोळ्यांची आग. खोकला. डोळ्यांपुढे निळसर धुके दिसणे, दिव्याभोवती कडे दिसणे."

"दिसतंय की मला बी," मागून कुणीतरी म्हणालं. "मला वाटलं वयानं."

"मला बी."

शिवगंगाचा आवाज चढला होता. तिला वाटत होतं, हा फळाच उचलून दवाखान्यात न्यावा. तिनं पुढच्या ओळीवर बोट ठेवलं.

"ही लक्षणे तात्पुरती असतात. द्रव्यापासून दूर राहिल्यास चोवीस तासांच्या आत दृष्टी आपोआप पूर्ववत होते. डोळ्यांवर कोणत्याही..."

तिचं बोट थांबलं. पुढं जोडाक्षर होतं. पण ते जोडाक्षर तिला येत होतं.

"फुडं वाच की गं," शालूबाई म्हणाली.

"डोळ्यांवर कोणत्याही शस्त्रक्रियेची गरज नसते."

खोलीत मशीन बंद होतं. बाहेर ट्रक मागं घेत होता, त्याचा भोंगा तेवढा वाजत राहिला. शालूबाईनं बोटं मोजून कसलातरी हिशेब केला आणि तिला जे सुचलं ते ती नेहमीसारखं मोठ्यानं बोलून गेली.

"चोवीस तास म्हंजी... सोमवार की गं ही. सुट्टीच्या दिवशी मला बी चोख दिसतंय."

शिवगंगा फळ्याकडंच तोंड करून उभी होती. "व्हय," म्हणाली. "सोमवार."

विजयसिंहांनी घसा साफ केला. "बघा, सगळं खरं लिवलंय. काय दडवलेलं न्हाय. आपोआप बरं हुतंय, असंच हाय त्यात. म्हंजे बाई, तुमचा डोळा काय आमच्या गॅसनं गेला न्हाय. आमाला बी वाईट वाटतंय. पण त्यो शिबिरात गेला."

"शिबिर कुणाचं हुतं दादा?" दाराशी उभ्या कृष्णातनं विचारलं.

"फुकट हुतं," विजयसिंह म्हणाले आणि कारकुनाकडं वळले. "घे अंगठं."

बाया रांगेनं पुढं झाल्या. शाईचा डबा, अंगठा, फडकं. एकीनंही विचारलं नाही की रजिस्टरच्या वर काय लिहिलंय. मशीन थांबलेलं होतं आणि दिवसाचा माल पडून होता. शिवगंगाची पाळी शेवटी आली. तिनं रजिस्टर उचलून डोळ्याजवळ नेलं. 'वरील द्रव्याची संपूर्ण माहिती मला मिळाली असून, ती समजून घेऊन मी स्वखुशीने हे काम करीत आहे.'

वर नऊ काळे अंगठे होते.

तिनं कारकुनाच्या हातातलं पेन घेतलं आणि 'स्वखुशीने' या शब्दावर एक आडवी रेघ मारली. सावकाश, शब्द संपेपर्यंत.

"ओ बाई, खाडाखोड चालत न्हाय त्यात," कारकून म्हणाला.

"बाकीचं खरं हाय," ती म्हणाली, आणि खाली सही केली. शिवगंगा शिवानंद. गोल, सुबक.

विजयसिंहांनी रेघेकडं पाहिलं. "शाळा शिकून बरं केलंसा," म्हणाले, आणि मशीन चालू करायची खूण केली. गॅस सुटला. त्या मशीनवर ना गॅस अडवणारं आवरण आलं होतं, ना धूर ओढणारा पंखा. फळ्यावर त्याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं, आणि तिनं मागितलंही नव्हतं. तिनं फक्त नाव मागितलं होतं.

पाळी सुटल्यावर ती दवाखान्यात गेली. साऱ्या फळ्याची नक्कल तिनं जेवणाच्या सुट्टीत वहीच्या पानावर केली होती. म्हाताऱ्या डॉक्टरनं ती दोनदा वाचली. चष्मा काढला.

"धुकं कामानं आलं होतं, हे आता मी लिहून देतो. पण धुक्याला पेन्शन नसते बाई. डोळा ऑपरेशननं गेला." थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "त्या शिबिरात कुणी तुम्हाला वासाबद्दल विचारलं नव्हतं का?"

"विचारलंतं," शिवगंगा म्हणाली. तिनं पान घडी करून कमरेला खोचलं.

ती घरी आली तेव्हा मोरीच्या दगडाजवळ गरम पाणी ठेवलेलं होतं. आत्ती उंबऱ्याच्या आत जोंधळे निवडत बसली होती. शिवगंगा दगडापाशी थांबली नाही. तशीच पुढं आली आणि उंबऱ्यावर बसली. वास तिच्याबरोबर आला.

"आदी न्हाऊन घे," आत्ती म्हणाली.

"डायमिथाइल इथाइल अमाइन."

"काय?"

"त्याचं नाव. मासळी न्हवं ती. औषध हाय. वास तेवढा मासळीचा."

आत्तीचे हात सुपात थांबले. "मग आपलं काय चुकलं न्हाय?"

"न्हाय. पाप न्हाय, काय न्हाय. देवाचं बी काय न्हाय त्यात." शिवगंगानं कमरेचं पान काढलं, उलगडलं आणि हलक्या आवाजात शेवटच्या दोन ओळी वाचून दाखवल्या. एक दिवस लांब राहिलं की नजर आपली आपण येते. कापायची गरज नसते.

आत्ती अडाणी होती, पण खुळी नव्हती. ती बराच वेळ पानाकडं बघत राहिली, जणू तिलाही वाचता येत होतं. गल्लीतून कुणीतरी सायकलवरून गेलं. मग शिवगंगाच्या ध्यानात आलं की आत्तीनं उजवा पाय हळूच लुगड्याच्या निऱ्यांखाली ओढून घेतलाय.

पाणी निवलं. शिवगंगानं उठून गार पाण्यानंच अंघोळ केली, साडी पिळून गल्लीतल्या तारेवर टाकली आणि आत येऊन भाकरीला बसली.

सोमवारी तिला उशिरा जाग आली. घरात आत्ती नव्हती. चुलीजवळ झाकून ठेवलेली भाकरी होती आणि तिच्यातली अर्धी खाल्लेली होती. तीन वर्षांत सोमवारी त्या घरात आत्तीनं भाकरी मोडलेली तिनं पाहिली नव्हती.

ती दारात आली. मोरीचा दगड ओला होता, साबणाचा फेस अजून पोत्याच्या कडेला चिकटलेला. गल्लीतली तार रिकामी होती. ती साडी शोधत उभी राहिली. समोर बघितलं, उजवीकडं बघितलं. मग मान पार डावीकडं वळवली तेव्हा ती दिसली. अंगणातल्या दोरीवर, आत्तीच्या मडीच्या लुगड्याला लागून, नीट ताणून वाळत घातलेली. आत्ती तिच्या पलीकडं उभी होती आणि ओल्या पदराच्या सुरकुत्या हातानं काढत होती. अधूनमधून ती पदर नाकाजवळ नेई आणि पुन्हा खाली सोडी.

साडीचा वास गेलेला नव्हता.